सहा हेडक्लार्क आणि आर्वीकडचे रोडगे

सातारची माणसे वर्धा जिल्ह्यात सहसा आश्रम बघायला जातात, नाहीतर कुणाच्या तरी लग्नाला. मला सुधारण्यासाठी पाठवले होते. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या नातेवाइकांत सध्या अशी बातमी आहे की मी महत्त्वाच्या सरकारी दौऱ्यावर गेलो होतो. ती बातमी मीच पसरवली आहे.

खरी हकिकत अशी. मी एका सरकारी कचेरीत आवक-जावक शाखेचा हेडक्लार्क. आलेली पत्रे घ्यायची, त्यांवर क्रमांक घालायचा, उत्तरे लिहून बाहेर धाडायची, एवढेच आमचे काम. हाताखाली पाच माणसे. ब्याऐंशी सालच्या दिवाळीनंतर एका सोमवारी या पाचही जणांनी बदलीचे अर्ज दिले. एकाच दिवशी, एकाच मजकुराचे. आणि गंमत म्हणजे आवक शाखा माझीच असल्यामुळे ते पाचही अर्ज मीच नोंदवले, त्यांवर सुबक अक्षरात क्रमांक घातले आणि साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवले. वाचले मात्र नव्हते. साहेबांनी वाचून दाखवले.

"जगताप," साहेब म्हणाले, "पाचही जणांना एकदमच गावाची आठवण झाली?"

मी म्हणालो, "हवा बदलली आहे साहेब."

साहेबांना विनोद आवडत नाही. त्यांनी सांगितले की हिंगणघाटला हेडक्लार्कांसाठी चार दिवसांचे शिबिर आहे, संघाचे नेतृत्व आणि आत्मपरीक्षण असा विषय आहे, आणि मी तिथे जायचे आहे. "हे अर्ज मी महिनाअखेरपर्यंत खणात ठेवतो. तोवर त्यांनी मागे घेतले तर ठीक. नाहीतर पाच माणसे नवी आणण्यापेक्षा एक हेडक्लार्क नवा आणणे मला सोपे पडेल. तुमच्यासाठी जुन्या दप्तरांची खोली आहेच."

जुन्या दप्तरांची खोली म्हणजे आमच्या कचेरीतले काळे पाणी. तिथे याआधी गेलेले गृहस्थ दोन वर्षांनी बाहेर आले, तेव्हा त्यांना उजेड बघून शिंका येत होत्या.

घरी सांगितले तर बायको म्हणाली, "आत्मपरीक्षण म्हणजे काय करायचं असतं?"

"स्वतःकडे नीट बघायचं."

"त्यासाठी हिंगणघाट कशाला? घरात आरसा आहे. आणि मी आहे."

तरी तिने दशम्या बांधून दिल्या. कानटोपी दिली. गाडीचा प्रवास मी सोडून देतो. त्यात कानटोपी हरवली, याखेरीज काही घडले नाही.

हिंगणघाट, पहिला दिवस

कापसाचा हंगाम होता. वेणा नदीच्या या गावात बाभळीच्या काट्यांना कापूस, विजेच्या तारांना कापूस, चहावाल्याच्या मिशीला कापूस. सरकी काढणाऱ्या जिनिंग कारखान्याच्या फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग पार दुसऱ्या चौकापर्यंत गेली होती आणि गाडीवान गाडीतल्या कापसावरच गादीसारखे पसरले होते. आमच्याकडे उसाच्या गाडीवर कुणी असे झोपून दाखवावे!

सकाळी नाश्त्याला पोहे आले. आमच्याकडे पोहे म्हणजे लिंबू, खोबरे, कोथिंबीर, आणि आजारी माणसालाही चालतील असे. इथे पोह्यांवर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात. हॉटेलवाल्याने मला नखशिखान्त न्याहाळून विचारले, "तर्री कमी टाकू काय जी?"

मी म्हणालो, "कांदा-लसणाच्या मसाल्यावर वाढलोय आम्ही. भरपूर घाला."

पहिल्या घासाला कान गरम झाले. दुसऱ्याला मला माझे बालपण दिसले. हॉटेलवाल्याने पाण्याचा एक पेला ठेवला, मग दुसरा ठेवला, आणि मग समोरच्या बाकावर येऊन बसला. "नाई, काई काम नाई," तो म्हणाला. "तुमी खा. मी पाहून राह्यलो."

शिबिर एका शाळेत होते. जिल्ह्याजिल्ह्यांतून आलेले आम्ही चोवीस हेडक्लार्क खोलीत शिरलो. खुर्च्या भिंतीशी एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. चोवीसही जण त्या ढिगाकडे बघत उभे राहिले आणि मग दाराकडे बघू लागले. शिपायाची वाट पाहत. वीस मिनिटे गेली. शेवटी एक तिशीतल्या बाई आल्या, पदर खोचून त्यांनी चोवीस खुर्च्या एकटीने मांडल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "मी दाते. तुमची शिक्षिका. पहिला धडा आत्ता झाला, कुणी लिहून घेतला का?"

एकाने हात वर करून विचारले, "मॅडम, वहीत लिहायचा की सुट्या कागदावर?"

दातेबाईंनी आम्हाला तीन अवजारे दिली. अवजारे हा त्यांचाच शब्द. त्या म्हणत, विचार डोक्यात राहतो, अवजार हातात राहते. पहिले अवजार: हुकूम सोडण्याआधी विचारायचे, 'यात तुला माझी काय मदत हवी?' दुसरे: विचारल्यावर तोंड मिटून मनात दहा आकडे मोजायचे, म्हणजे समोरच्याला बोलायला जागा मिळते. तिसरे अवजार उद्या, असे म्हणून त्या हसल्या. ते हसणे मला आवडले नाही.

मग सहा-सहांचे गट केले. माझ्या गटात कोल्हापूरचे इंगवले होते. त्यांचा आवाज असा की ते कानात सांगत तेव्हाही बाहेरची कबुतरे उडत. नाशिकचे बोरसे होते. ते काखेत निळी फाइल घेऊनच झोपत असावेत. उरलेले तिघे फार सज्जन होते. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही.

दुपारी अवजारे वापरून बघायला आम्हाला एका जिनिंगमध्ये नेले. तिथला फोरमन बाजेवर बसून चहा पीत होता आणि चाळीस बायामाणसे आपापली कामे करत होती. मी त्याला विचारले, "एवढ्या लोकांवर तुम्ही ताबा कसा ठेवता?" आणि लगेच मनात आकडे मोजू लागलो. मोजताना माझे ओठ हलतात, हे मला तोवर कुणी सांगितले नव्हते.

फोरमन घाबरला. "काऊन जी, चक्कर येऊन राह्यली काय? बसा, बसा. पानी आना रे यायले!"

"नाही नाही, मी तुमच्या उत्तराची वाट बघतोय."

"असं होय! मले वाटलं मंत्र म्हनून राह्यले." त्याने चहाचा घोट घेतला. "ताबा कायचा जी? माह्या घरी मांजर बी माहं ऐकत नाई. हे लोकं काम जानतात, करतात. मशीनचा आवाज बदलला तं मी उठतो. नाई बदलला तं बसतो."

बोरसेंनी हे सगळे लिहून घेतले आणि खाली आम्हा सहाही जणांच्या सह्या घेतल्या.

हिंगणघाट, दुसरा दिवस

तिसरे अवजार म्हणजे पत्र. दातेबाईंनी आम्हाला न सांगता आमच्या हाताखालच्या माणसांना तीन प्रश्न पाठवले होते आणि बिननावाची उत्तरे मागवली होती. ती आता ज्याची त्याने आपल्या गटासमोर मोठ्याने वाचायची होती.

बाकीच्यांची पत्रे चार घड्या घातलेल्या वहीच्या पानांवर होती. माझे मात्र रीतसर होते. टंकलिखित, वर जावक क्रमांक, खाली विषय, संदर्भ, डाव्या बाजूला योग्य तेवढा समास. माझ्याच शाखेचे वळण! क्षणभर ऊर भरून आला. मग वाचायला लागलो.

"विषय: श्री. जगताप यांच्या वागणुकीबाबत. प्रश्न एक, त्यांच्या कोणत्या गोष्टीची कामात मदत होते? उत्तर: ते रजेवर असतात त्याची. प्रश्न दोन, कोणत्या गोष्टीचा अडथळा होतो? उत्तर: ते खुर्चीच्या मागे येऊन उभे राहतात. बोलत काहीच नाहीत. श्वास घेतात. प्रश्न तीन, त्यांनी काय बदलावे? उत्तर: प्रश्न दोन पाहावा."

इंगवले इतके हसले की शेजारच्या वर्गातून कुणीतरी चौकशीला आले.

"पण श्वास तर घ्यावाच लागतो," मी म्हणालो.

दातेबाई आमच्या गटापाशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. त्या दहापर्यंत मोजत आहेत हे मला कळत होते, आणि त्या शांततेत मीच बोलत सुटलो. चुका होऊ नयेत म्हणून मी लक्ष ठेवतो. पत्रात शुद्धलेखन बिघडले तर नाव कुणाचे जाते? मग मी ते पत्र घेतो आणि स्वतःच पुन्हा लिहितो.

"गेल्या वर्षात अशी किती पत्रे पुन्हा लिहिलीत?" त्यांनी विचारले.

"सगळीच," मी म्हणालो.

या वेळी इंगवलेही हसले नाहीत. माझ्या मनात आले, पाच माणसे वर्षभर पत्रे लिहितात आणि त्यांतले एकही त्यांनी लिहिले तसे बाहेर जात नाही. महिनाअखेर बारा दिवसांवर होती. त्या दिवशी जेवणात वडाभात होता, म्हणजे भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वर फोडणीचे गरम तेल. शेजारचा माणूस तिसऱ्यांदा मागून घेत होता. मला पहिला गेला नाही.

तिसरा दिवस, आर्वीच्या वाटेवरचे गाव

तिसऱ्या दिवशी चोवीस हेडक्लार्क एसटीत घालून आर्वीच्या बाजूला हलवले. डेपोत उतरलो तर संत्र्यांचे ढीग लागलेले. आमच्याकडे संत्रे आजारी माणसाला भेटायला जाताना घेतात. इथे लोक बोलता बोलता सोलतात, समोर येईल त्याच्या हातावर अर्धे ठेवतात, आणि ओळख नंतर विचारतात.

डेपोपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात वामनराव नावाचे शेतकरी होते. दातेबाईंची आणि त्यांची जुनी ओळख. साठीचे, उंच, अंगात बंडी. त्यांच्या पत्नी शांताबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि आमच्याकडे अशा बघत होत्या, जसे बाजारात कुणी न विचारताच चोवीस भोपळे घरी आणून टाकावेत.

दातेबाईंनी परीक्षा सांगितली. उद्या दुपारी वामनरावांच्या शेतात रोडग्यांचे जेवण. सगळ्यांसाठी. आणि ते आमच्या सहा जणांच्या गटाने करायचे. प्रमुख चिठ्ठी टाकून ठरेल. चिठ्ठी निघाली ती माझी.

रोडगे म्हणजे काय, ते मला शांताबाईंनी सांगितले. गव्हाचे जाडे पीठ ओवा-मीठ-तेल घालून घट्ट मळायचे. छोट्या पुऱ्या लाटून, तेल लावून, एकीवर एक ठेवून गोळा बांधायचा. गोवऱ्या पेटवून त्यांचे निखारे झाले की त्यांत हे गोळे भाजायचे. राख झटकायची, फोडून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे.

"अन् एक सांगतो जी," वामनराव म्हणाले. "त्या वावरात विहीर नाई. पानी नाल्यापल्याडच्या मळ्यातून आनावं लागते. माहा गाडीवान सकायी लवकरच निंगते. त्याले सांगून ठेवजा, थो जाता जाता डरम टाकून देईल."

आम्ही ताबडतोब बैठक घेतली. सहा हेडक्लार्कांची बैठक मी आयुष्यात प्रथमच पाहत होतो. अप्रतिम झाली. दोन तास चालली. पीठ, वांगी, गोवऱ्या, पळसाच्या पानांच्या पत्रावळी, सगळ्यांवर चर्चा झाली. पाण्याचा विषय सर्वांत महत्त्वाचा, म्हणून त्याचा स्वतंत्र कागद केला: 'पाणी, दोन ड्रम, बैलगाडीने, सकाळी शेतावर पोचते करणे.' तो कागद गटात फिरवला. इंगवलेंनी लिहिले, 'पाहिले. त्वरित कार्यवाही व्हावी.' बोरसेंनी लिहिले, 'सहमत.' तिघा सज्जनांपैकी एकाने 'पाहिले', दुसऱ्याने 'ड्रमांना झाकण असावे' आणि तिसऱ्याने 'वरीलप्रमाणे'. मी सर्वांच्या खाली 'मान्य. तातडीचे' असे लिहून लाल शाईने दोनदा अधोरेखित केले. बोरसेंनी कागदाला भोक पाडून तो निळ्या फाइलीत लावला. आम्ही समाधानाने एकमेकांकडे बघितले.

चौथा दिवस, वामनरावांचे वावर

सकाळी धुके होते. एका बाजूला तूर डोक्याएवढी उभी, दुसऱ्या बाजूला कपाशी फुटलेली, बाया वेचणीला लागलेल्या. आम्ही पीठ परातीत ओतले, वांगी मांडली, आणि इंगवलेंनी गोवऱ्या पेटवल्यासुद्धा. मग बोरसे म्हणाले, "पाणी?"

सहा जणांनी चारी दिशांना बघितले.

वामनराव धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून दात घासत होते. मी त्यांना विचारले, "वामनराव, ड्रम कुठे उतरवलेत?"

"कोनते डरम जी?"

"पाण्याचे. गाडीवान टाकून गेला असेल ना."

"कोन सांगतलं त्याले?"

बोरसेंनी अभिमानाने फाइल उघडून कागद पुढे केला. वामनरावांनी तो वाचला. मग उलटा करून मागची बाजू बघितली. मग पुन्हा सुलटा केला. "सह्या तं लय हायेत जी," ते म्हणाले. "पन गाडीवानाची नाई दिसून राह्यली."

खरेच, सगळ्यांनी सगळे पाहिले होते. गाडीवानाला सांगायला कुणीही गेले नव्हते. आमच्या सहाही कचेऱ्यांत कागदावर सही झाली की पुढे कुणीतरी शिपाई, कुणीतरी कारकून जाऊन ते करून येतो. तो कोण, हे आम्ही कधी बघितलेच नव्हते. इथे आमच्या खाली कुणी नव्हतेच. सहाच्या सहा वरचे.

गोवऱ्या धडधडत होत्या. वामनराव म्हणाले, निखारे घडीभरात होतील आणि तासाभरात विझतील. पीठ कोरडे, बारा वाजता तीस माणसे येणार. प्रमुख मी. काय करावे न कळल्यामुळे मी जुन्या सवयीने वांगी चिरणाऱ्या बोरसेंच्या मागे जाऊन उभा राहिलो.

"जगताप," इंगवले गरजले, "श्वास!"

मी दचकून दूर झालो. मग मला पहिले अवजार आठवले. मी वामनरावांकडे गेलो आणि विचारले, "यात तुम्हाला माझी काय मदत हवी?" आणि ओठ न हलवता मोजू लागलो. चारवर पोचलो असेन.

"मले कायची मदत जी? पानी तुमाले पायजे. हा गुंड घ्या, नाला ओलांडा, भरून आना."

गुंड म्हणजे आमच्याकडची मोठी पितळी कळशी. मी ती उचलली. निघताना मी सूचना देण्यासाठी तोंड उघडले, तोच वामनराव म्हणाले, "जा न जी!" आणि मी काहीही न सांगता गेलो. नोकरीला लागल्यापासून माणसे आणि काम मागे टाकून, काहीच न सांगता निघून जाण्याचा हा माझा पहिलाच प्रसंग.

नाल्यात पाणी नावापुरते आणि चिखल मुबलक होता. इकडची काळी माती पाय धरते तेव्हा मनापासून धरते. माझी डावी चप्पल तिने ठेवून घेतली. मळ्यातून गुंड भरला, खांद्यावर घेतला आणि निघालो. दर पावलाला पाव शेर पाणी माझ्या मानेवरून आत जात होते. कपाशीतल्या बाया काम थांबवून उभ्या राहिल्या.

"ओ बापू," त्यांतली एक ओरडली, "थे डोक्शावर घेतात, खांद्यावर नाई!"

"अवं, त्याले आंघोय करायची असन," दुसरी म्हणाली.

अर्धा गुंड पाणी, एक चप्पल आणि भिजलेला सदरा घेऊन मी तुरीच्या कडेपर्यंत आलो आणि थांबलो. पलीकडून हसण्याचा आवाज येत होता.

तुरीतून डोकावून बघितले. परातीत पीठ मळून झाले होते. तिघे सज्जन मांडी घालून गोळे बांधत होते आणि त्यांतला एक चक्क गात होता. चार दिवसांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पाण्याचा मोठा हंडा मध्ये ठेवलेला. बोरसे धुराने रडत वांग्यांना फोडणी देत होते. इंगवले पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून निळ्या फाइलीने निखाऱ्यांना वारा घालत होते, आणि दरम्यान घरून आलेल्या शांताबाई त्यांना म्हणत होत्या, "हळू जी, राख उडून राह्यली! अन् बोलू नका, तुमच्या आवाजानंच विझन थे!"

कुणी रुसलेले नव्हते, कुणी थांबलेले नव्हते. मी प्रमुख होतो आणि मी तिथे नसल्याची तिथे कुठेही उणीव नव्हती. 'ते रजेवर असतात त्याची' हे वाक्य मी परवा वाचले होते, पण तेव्हा मला ते नुसते खोचक वाटले होते. आज ते समोर बसून रोडगे करत होते. साताऱ्यात या क्षणी माझी पाच माणसे अशीच हसत असतील. ज्याच्या खुर्चीमागे मी सर्वांत जास्त उभा राहिलो तो साळुंखे काहीतरी सांगत असेल, कदमबाई टंकयंत्र थांबवून ऐकत असतील. चार वर्षांत मी त्या दोघांना एकत्र हसताना बघितले नव्हते. ते हसत नाहीत असेच मी धरून चाललो होतो. 

मी तिथेच उभा राहिलो. किती वेळ, ते माहीत नाही.

"ओ जी," मागून शांताबाईंचा आवाज आला. त्या तुरीच्या शेंगा तोडायला आल्या होत्या. "इथी तुरीत उभे राहून काय करून राह्यले?"

"पाणी आणलंय," मी म्हणालो.

त्यांनी गुंडात डोकावून बघितले. "मायबाई! एवढंसं? आमी तं कवाच आनलं. वेचनाऱ्या बायांजवळ प्याचा हंडा होता, हाक मारली तं दिला त्यायनं. शंभर पावलं नाई." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्या जरा मऊ झाल्या. "तुमाले कोनी रागावलं काय?"

"नाही. माझ्यावाचून सगळं छान चाललंय."

"मंग चांगलंच झालं न! आता निवांत जेवा."

जेवायला मी वामनरावांच्या शेजारी बसलो. खरपूस रोडगा फोडला की आतून वाफ येते आणि ओव्याचा वास. त्यावर तूप ओततात ते वाढल्यासारखे नाही, पाट सोडल्यासारखे. मी त्यांना सगळेच सांगितले. पाच अर्ज, पत्र, जुन्या दप्तरांची खोली. ते चावत राहिले.

"माह्या वावरात आठ बाया वेचाले येतात," घास गिळून ते म्हणाले. "पयले मी मांगं मांगं फिरत होतो. एखादं बोंड सुटलं, की मी तोडे. थ्या काय करत? मांगचं सोडूनच देत. म्हनत, मालक येऊन राह्यला मांगून, थो तोडीन."

"मग?"

"मंग काय? थकलो. आता सकायी विचारतो, कोन कोनती ओळ घेते. पानी धुऱ्यावर ठेवतो. अन् समोर जाऊन बसतो, तिकडं, निंबाखाली. काई लागलं तं हाक मारतात."

"आणि बोंडं सुटतात त्यांचं काय?"

"सुटतात थोडे," वामनराव म्हणाले. "घ्या न जी, अजून एक रोडगा घ्या. तुमी तं काईच खाल्लं नाई."

मी तीन खाल्ले होते. इथे जेवणाऱ्याचा हिशेब जेवणारा करत नाही. चौथा मी नको म्हणालो तर शांताबाईंनी तो माझ्या पानात ठेवला आणि वर तूप ओतून वाट बंद केली. दातेबाईंनी शेवटी गटाला गुण दिले: जेवणाला पैकीच्या पैकी, नियोजनाला शून्य. प्रमुखाच्या रकान्यात त्यांनी लिहिले, 'वेळेवर निघून गेले.' माझ्या सेवापुस्तकातला हा सर्वांत चांगला शेरा आहे.

सातारा

घरी आल्यावर बायकोने आधी विचारले, "कानटोपी?" मग, "चप्पल?" मग सगळी हकिकत ऐकून घेतली. मी उत्साहाने तिलाही ते तीन प्रश्न विचारले. पहिल्या प्रश्नाला ती विचार करत राहिली. दुसऱ्याचे उत्तर भाकऱ्या संपल्या तरी चालू होते.

सोमवारी कचेरीत गेलो. पाचही जण आपापल्या खुर्चीत ताठ बसले होते. पत्राचे काय झाले असेल याची भीती त्यांनाही असणारच. मी सर्वांच्या समोर जाऊन उभा राहिलो. चार वर्षांत प्रथमच समोर. खिशातून पत्र काढले आणि मोठ्याने वाचून दाखवले, जावक क्रमांकासकट. कदमबाईंनी डोळे मिटून घेतले.

"मजकूर बरोबर आहे," मी म्हणालो. "आजपासून तुमची पत्रे तुम्ही लिहाल तशी जातील. मी पुन्हा लिहिणार नाही. आणखी काय हवे आहे?"

मग मी गप्प राहिलो. ओठ हलले असतील तर हलले. सातपर्यंत कुणी बोलले नाही. आठला कदमबाई म्हणाल्या, "साहेब, तुमचं टेबल." माझे टेबल त्या पाचही जणांच्या पाठीमागे होते, पहिल्या दिवसापासून. "ते खिडकीशी घेऊ या का? समोर?"

मी उचलायला पुढे झालो. साळुंखे म्हणाला, "तुम्ही जरा बाहेर थांबा साहेब." मी व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आत टेबल सरकल्याचा, काहीतरी पडल्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. काय पडले ते बघायला गेलो नाही. शाईची दौत होती, असे नंतर कळले.

पहिल्या आठवड्यात तीन पत्रांत शुद्धलेखनाच्या चुका गेल्या. त्यांतल्या एका पत्राचे उत्तर आले, त्यात आमच्यापेक्षा जास्त चुका होत्या. जगबुडी झाली नाही. मी खिडकीशी बसून राहिलो. कुणी हाक मारली तर उठलो.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी साहेबांनी बोलावले. चार जणांनी अर्ज मागे घेतले होते.

"आणि पाचवा?" मी विचारले.

"साळुंखेचा. तो मी मंजूर करतोय. त्याला खरंच बदली हवी आहे. बायकोची नोकरी कऱ्हाडला आहे, तो दोन वर्षांपासून माझ्याकडे तोंडी मागतोय. बाकीचे चौघे अर्ज देणार म्हणून त्यानं आपलाही त्यात घातला. त्याची तुमच्याबद्दल काही तक्रार नाही." साहेबांनी खण बंद केला. "शाखा तुमच्याकडेच राहील."

मी आभार मानून बाहेर आलो. खरे तर आनंदाने उडी मारायला हवी होती. पण व्हरांड्यात उभा राहून मी बराच वेळ साळुंखेकडे बघत होतो. हिंगणघाटपर्यंत जाऊन, चप्पल घालवून, तुरीत उभा राहून ज्या माणसासाठी मी सर्वांत जास्त पश्चात्ताप केला, त्याला माझा काहीच त्रास नव्हता. थोडेसे वाईटच वाटले.